शेवटच्या शिडीखालून

कळसूबाईला मी किती वेळा गेले असेन, मोजलं नाही. पण जूनच्या पहिल्या आठवड्यातली एक बॅच मनातून जात नाही, आणि त्या दिवशी तसं घडलं काहीच नव्हतं.

26 जण होते. मी लीड, स्वीपला म्हणजे सगळ्यांच्या मागे राहायला एकवीस वर्षांचा नवा मुलगा. पायथ्याच्या बारी गावातून पहाटे साडेतीनला चढाई सुरू करायची, असा बेत होता. पिकअपला उशिरा आलेले तिघं आणि कसारा घाटातली कोंडी, यात नऊ वाजले. वळवाच्या दिवसांत या साडेपाच तासांची किंमत फार मोठी असते. सकाळी निवांत असलेलं आभाळ दुपारनंतर भरून येतं. ऑफिसला फोन केला तर उत्तर आलं, "समिट करूनच या, लोकांनी पैसे भरलेत." वेळापत्रक आखणाऱ्यांनी एकदा तरी मे-जूनच्या दुपारी त्या सोंडेवर उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या शिडीपर्यंत कडक ऊन. मग वारा पडला. भंडारदऱ्याचं पाणी चकाकत होतं, अलंग-मदन-कुलंगचे किल्ले अगदी स्वच्छ, पण पूर्वेला अकोल्याच्या बाजूने ढगांचे मनोरे चढत होते. वर पांढरेशुभ्र, बुडाशी काळेनिळे. पाऊण वाजता विहिरीपाशी पोचलो आणि लांब वीज चमकली. मी मोजायला लागले. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. पहिला गडगडाट 33 आकड्यांवर, पुढचा 27 वर, तिसरा 21 वर. म्हणजे सात किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं की उघड्यावर थांबायचं नाही, हा आमचा नियम. वर 1646 मीटरवर राज्यातलं सगळ्यात उंच टोक, सपाट माथा, छोटंसं देऊळ, आणि तिथे जायला लोखंडी शिडी. त्या शिडीवर रांग होती.

मी सगळ्यांना मागे वळवलं. शिडी समोर दिसत असताना.

वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले, "तो बघा, दुसरा ग्रुप चाललाय." खरंच चालला होता. त्यांच्या लीडरचा मला आजही राग आहे. आमचा स्वीप मात्र एक शब्द न बोलता खालच्या शिडीशी जाऊन उभा राहिला आणि एकेकाला अंतर ठेवून उतरवू लागला. एवढी समज मला त्याच्या वयात नव्हती.

एक काकू तेवढ्या हलेनात. सुनेच्या बाळंतपणासाठी नवस केला होता. पिशवीत खण, नारळ, तांदूळ. "पाचच मिनिटं गं, ओटी भरते नि येते." मी नाही म्हटलं. त्यांनी पिशवी विहिरीजवळ सरबत विकणाऱ्या बारीच्या मावशींच्या हाती दिली आणि बारीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

पाऊस आलाच नाही. ढग वायव्येला इगतपुरीकडे सरकले. दुसरा ग्रुप फोटो काढून सुखरूप उतरला.

पुढच्या फेरीला मावशींना ओटीचं विचारलं. म्हणाल्या, "तवाच वाहिली की. तुमी खाली गेलात आन् अर्ध्या तासात लख्ख ऊन पडलं."

काकूंना मी मेसेज केला, ओटी पोचली. कधी पोचली, ते लिहिलं नाही.