तुम्ही विचारलंत म्हणून: डिपॉझिट भरल्यावर नाही म्हणता येतं का?

एप्रिल-मे आला की कोणाची तरी भाची नाहीतर कोणाचा तरी मुलगा फोन करतोच. ताई, अमेरिकेतल्या एमएसची, म्हणजे मास्टर्सची, ऑफर अ‍ॅक्सेप्ट केली, सीट धरायचं डिपॉझिटपण भरलं, आता रात्री झोप लागत नाही, तुम्ही नाही म्हटलं होतंत ना, चालतं का तसं?

चालतं. मी २०१९ ला म्हटलं. दोन ओळींचा मेल टाकला, त्यांचंही दोन ओळींचं उत्तर आलं, ५०० डॉलर बुडाले (तेव्हाचे पस्तीसेक हजार), बास. आणि ते १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती नसते असं जे सगळे सांगतात ना, ते स्कॉलरशिप किंवा असिस्टंटशिपसकट (म्हणजे शिकता शिकता युनिव्हर्सिटीतलंच पगारी काम) आलेल्या ऑफरचं असतं. आपल्याच, म्हणजे बापाच्या, खिशातून भरणार असू तर युनिव्हर्सिटी म्हणेल ती तारीख. मलाही हे उशिराच कळलं.

पण माझी झोप डिपॉझिटने उडाली नव्हती. लोन होतं चाळीस लाखांचं, साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते, आणि आमच्याकडे तारण म्हणजे भांडुपचा वन बीएचके. एका रविवारी बाबांनी कपाटातून, आईच्या पैठणीखालून, प्लास्टिकची पिशवी काढली. आत सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पन्नास रुपयांचे पाच शेअर, बाबांचं नाव निळ्या शाईने लिहिलेलं. झेरॉक्सला न्यायच्या आधी त्यांनी ते पलंगावर ठेवून तळहाताने घडी सपाट केली, दोनदा. बोलले काहीच नाहीत. सेक्रेटरी काकांनी एनओसीवर शिक्का मारता मारता विचारलं, पेढे कधी?

त्या रात्री मी मोबाईलवर ईएमआय काढला. साडेदहा टक्के, दहा वर्षं, महिना चोपन्न हजार. इथल्या फ्रेशरच्या पगारात तो फिटणं शक्यच नाही, म्हणजे तिकडेच राहायला हवं, म्हणजे ओपीटीचे, शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीचे, १२ महिने, स्टेमवाल्यांना (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) अजून २४, आणि मग एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, जागा ८५ हजार, त्या वर्षी अर्ज दोन लाखांच्या वर. म्हाडाची लॉटरी निदान घर मिळावं म्हणून तरी असते हो, इथे आहे ते घर पणाला लावायचं!

पुढे गेट, म्हणजे इथल्या एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, देऊन एम.टेक. केलं, महिना १२,४०० स्टायपेंडवर. आयआयटींच्या एम.टेक.च्या ऑफर येतात त्या पोर्टलवर तर 'रिटेन अँड वेट' असा ऑप्शनच असतो, सीट धरून ठेवा आणि पुढच्या राउंडची वाट बघा. केवढी सोय! मैत्रिणींचे बर्फातले फोटो बघून अजून कधीतरी पोटात कालवतं, नाही असं नाही. आणि सगळ्यांनी नाहीच म्हणावं असंही मी कोणाला सांगत नाही, फोनवर फक्त विचारते, तारण काय ठेवलंय?

घरी सांगायला मात्र मला अकरा दिवस लागले, कारण मावशीने मोठी बॅगसुद्धा घेऊन ठेवली होती. शेवटी सांगितलं ते चालत्या लोकलमध्ये. बँकेच्या वकिलाला टायटल सर्चचे, म्हणजे घराची कागदपत्रं तपासायचे, पैसे द्यायला आम्ही मुलुंडला निघालो होतो. बाबा जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसले, मग म्हणाले, "मग मुलुंडपर्यंत कशाला जायचं, नाहूरलाच उतरू की."