एडवर्ड्स, टटल आणि स्टॉडर्ड : कनेक्टिकट नदीच्या काठी एका वंशावळीचा माग

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या साउथ विंडसरच्या मेन स्ट्रीटवर बाजारपेठ नाही. नाव मुख्य रस्त्याचे असले, तरी दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरे, मोठाली झाडे आणि त्यांच्यामागे नदीपर्यंत पसरलेली सपाट, काळी शेते एवढेच दिसते. अधूनमधून तंबाखू वाळवण्याच्या उंच, खिडक्या नसलेल्या लाकडी कोठ्या उभ्या आहेत. कधीकाळी या खोऱ्यातली तंबाखूची पाने सिगारवर गुंडाळण्यासाठी दूरवर जात असत. याच रस्त्याच्या कडेला जोनाथन एडवर्ड्सच्या जन्मस्थानाची खूण आहे. घर केव्हाच गेले. ५ ऑक्टोबर १७०३ रोजी तो इथे जन्मला, तेव्हा हा सारा भाग ईस्ट विंडसर म्हणून ओळखला जात असे आणि त्याचे वडील टिमथी एडवर्ड्स इथले पाद्री होते.

अमेरिकन वसाहतकाळातल्या या सर्वांत नामांकित धर्मोपदेशकाच्या घराण्याचा माग काढायला नगरच्या माणसाने यावे, याचे कारण नगरमध्येच आहे. आमच्या शहरात १८३१पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते आणि १८४२मध्ये मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तिथेच सुरू झाले. या मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३मध्ये मुंबईला उतरले. त्यांना समुद्रापार धाडणाऱ्या धार्मिक उत्साहाचा उगम शोधत मागे जाऊ लागलो, तर वाट एडवर्ड्सच्या दाराशी येऊन थांबते. दुसरे कारण घरगुती आहे. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचे काम मी काही वर्षे केले आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतून नावे उतरवून घेतली. एकदा ही खोड लागली, की कोणाचीही वंशावळ समोर आली तरी हात स्वस्थ बसत नाही.

एडवर्ड्स हे आडनाव वरवर पाहता सोपे आहे. एडवर्ड या नावात जुन्या इंग्रजीतले दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ संपत्ती आणि दुसऱ्याचा राखणदार. शेवटचा ‘स’ हा आपल्या ‘चा’सारखा षष्ठीचा प्रत्यय. म्हणजे एडवर्ड्स म्हणजे एडवर्डचा. आपण नाव आणि आडनाव यांच्या मध्ये वडिलांचे नाव लिहितो. इथे कोण्या पूर्वजाच्या वडिलांचे नावच गोठून आडनाव झाले. वेल्समध्ये हे पुष्कळ उशिरापर्यंत चालू होते. तिथे ‘अप’ म्हणजे मुलगा. अप ऱ्हिसचा प्राइस झाला, अब ओवेनचा बोवेन झाला आणि ज्यांनी इंग्रजी वळण घेतले ते एडवर्ड्स, विल्यम्स, जोन्स झाले. जोनाथनच्या घराण्यातही आपण मुळचे वेल्सचे, असे सांगितले जाई. पण या आडनावात कुळ असे नसतेच. एडवर्ड नावाचे बाप हजारो होते, आणि त्यांच्या मुलांचे एकमेकांशी काहीही नाते नसताना सगळे एडवर्ड्स झाले. कऱ्हाडचे सगळे कऱ्हाडकर एका घरचे नसतात, तसेच हे.

कागदांच्या आधाराने मागे जाता येते ते लंडनपर्यंत. तिथे रिचर्ड एडवर्ड्स नावाचा पाद्री आणि शिक्षक होता. १६२५च्या प्लेगच्या साथीच्या सुमारास तो मेला. त्याची विधवा अ‍ॅन हिने जेम्स कोल नावाच्या, लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिराशी लग्न केले आणि हे कुटुंब हार्टफर्डला आले. सावत्र बापाचा हुन्नर मुलाच्या हाती आला. हा मुलगा म्हणजे जोनाथनचा पणजोबा विल्यम एडवर्ड्स. तोही पिंपेच बांधत असे. म्हणजे पुढे ज्या घराण्याच्या विद्वत्तेचे पोवाडे गायले गेले, त्याची अमेरिकेतली घडी बसली ती सावत्र बापाच्या रंध्यावर. हार्टफर्डच्या जुन्या दफनभूमीत गावाच्या संस्थापकांचा दगडी स्तंभ आहे, त्यावर जेम्स कोलचे नाव आहे. आडनाव वेगळे असल्यामुळे एडवर्ड्सचा शोध घेणारा बहुधा त्यावरून नजर फिरवून पुढे जातो. मीही पहिल्या फेरीत तसाच पुढे गेलो होतो.

मात्र हार्टफर्डला मी मुख्यतः आलो होतो ते कनेक्टिकट स्टेट लायब्ररीसाठी. वसाहतकाळातली न्यायालयीन कागदपत्रे इथे आहेत आणि त्यांतल्या एका मालिकेत गुन्हे, किरकोळ अपराध आणि काडीमोड हे तिन्ही विषय एकत्र बांधलेले आहेत. हे वर्गीकरण वाचून हसू आले, पण आत जे आहे ते हसण्यासारखे नाही. जोनाथनचा आजोबा रिचर्ड एडवर्ड्स याने १६६७मध्ये न्यू हेवनच्या एलिझाबेथ टटलशी लग्न केले. लग्नाच्या वेळी ती गरोदर होती आणि मूल आपले नाही, असे रिचर्डचे म्हणणे होते. ती मुलगी एलिझाबेथच्या माहेरी वाढली आणि हे दोघे मात्र वीस वर्षांहून अधिक काळ संसार करत राहिले. १६६९मध्ये टिमथी जन्मला, मागून आणखी मुले झाली. १६८९मध्ये रिचर्डने काडीमोडासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. १६९१मध्ये त्याने पुन्हा दाद मागितली, तेव्हा ती मंजूर झाली. पुढे त्याने मेरी टॅलकॉटशी लग्न केले.

प्युरिटन, म्हणजे या वसाहती वसवणारे कडवे प्रोटेस्टंट, म्हटले की कर्मठपणा डोळ्यांपुढे येतो. पण त्यांच्या लेखी लग्न हा संस्कार नव्हता, दिवाणी करार होता, आणि त्यामुळे मोडता येण्याजोगा होता. कनेक्टिकटमध्ये तर काडीमोड त्या काळच्या इंग्लंडपेक्षा कितीतरी सहज मिळत असे. मायक्रोफिल्मच्या यंत्रावर सतराव्या शतकातले अक्षर लावणे म्हणजे मोडी लावण्यासारखेच आहे: आधी अर्धा तास काहीच कळत नाही, मग एखादे नाव ओळखीचे निघते आणि त्याच्या वळणावरून बाकीची अक्षरे सुटू लागतात. मला आधी ‘रिचर्ड’ सापडला. पत्नीने परपुरुषाशी संबंध ठेवला, आपल्याला शय्येपासून दूर ठेवले आणि झोपेत गळा कापण्याची धमकी दिली, अशी त्याची तक्रार. या सगळ्यात आवाज ऐकू येतो तो एकट्या रिचर्डचा. एलिझाबेथची बाजू तिच्या शब्दांत कुठे येत नाही, आणि काडीमोडानंतर तीच कागदांतून नाहीशी होते.

रिचर्डला गळा कापला जाण्याची भीती वाटणे अगदीच निराधार नव्हते, हे लक्षात आल्यावर मी यंत्र थांबवून थोडा वेळ बाहेर जाऊन आलो. एलिझाबेथच्या भावाने, बेंजामिनने, सख्ख्या बहिणीला कुऱ्हाडीने ठार मारले आणि १६७७मध्ये तो फासावर गेला. दुसऱ्या एका बहिणीने १६९१मध्ये, म्हणजे काडीमोडाच्याच वर्षी, स्वतःच्या पोटच्या मुलाचा कुऱ्हाडीने जीव घेतला. पण यावरून एलिझाबेथही भ्रमिष्ट होती असे ठरवणे आणि तिच्या नवऱ्याच्या अर्जाला पुरावा मानणे, ही जुन्या चरित्रकारांची घाई मला पटत नाही. भावंडांच्या अपराधांची किंमत तिला नावानिशी मोजावी लागली, एवढेच कागदांवरून म्हणता येते. टटल या आडनावाचा उगम ‘टूटहिल’ म्हणजे टेहळणीच्या टेकडीत आहे. सगळ्यांवर नजर ठेवण्याच्या जागेचे नाव मिरवणाऱ्या घराकडे साऱ्या वसाहतीने वर्षानुवर्षे टक लावून पाहिले.

इथवर आल्यावर १९००मध्ये घडलेली एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. विनशिप नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने जोनाथनच्या सुमारे १,४०० वंशजांची नोंद जमवली आणि त्यांतले महाविद्यालयांचे अध्यक्ष, प्राध्यापक, वकील, डॉक्टर मोजून त्यांची तुलना ‘ज्यूक’ या टोपणनावाच्या, गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या एका कुटुंबाशी केली. चांगल्या रक्ताचे फळ चांगले, असा त्यातून अर्थ काढला गेला आणि निवडक ‘चांगल्या’ वंशांचीच पैदास वाढावी असे मानणाऱ्या सुप्रजननवाद्यांनी तो उचलून धरला. या मोजदादीत जोनाथनचा नातू आणि अमेरिकेचा उपाध्यक्ष एरन बर हाही आहे. त्याने द्वंद्वयुद्धात अलेक्झांडर हॅमिल्टनला ठार मारले, हे यशाच्या रकान्यात कसे बसवायचे ते ज्याचे त्याने पाहावे. पण खरी गंमत पुढेच आहे. वंशजांची गणती जोनाथनपासून सुरू केली, म्हणून आजीला त्यात जागाच उरली नाही. दोन पायऱ्या वर चढले असते, तर फाशी गेलेला वडिलांचा मामा आणि काडीमोड दिलेली आजी दोन्ही हिशेबात घ्यावी लागली असती. आमच्या कुलवृत्तांतातही मूळ पुरुष नेमका कोणापासून धरायचा, यावर झालेली भांडणे मी ऐकलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी न्यू हेवन. एलिझाबेथचे वडील विल्यम टटल १६३५मध्ये ‘प्लँटर’ नावाच्या जहाजाने आले. न्यू हेवनमधली त्यांची जागा पुढे येल कॉलेजच्या आवारात गेली. त्याच येलमध्ये जोनाथन शिकला. म्हणजे ज्या आजीचे नाव घरात बहुधा कोणी काढत नसे, तिच्या माहेरच्या मातीवरून तो ये-जा करत असणार. येलच्या बायनेकी ग्रंथालयात त्याची हस्तलिखिते आहेत. इमारतीला खिडक्या नाहीत. पातळ संगमरवराच्या तावदानांतून ऊन मधाच्या रंगाचे होऊन आत झिरपते. कागद महाग होता, म्हणून तो मिळेल त्या चिठोऱ्यावर लिहीत असे आणि अशी पाने सुईदोऱ्याने शिवून त्यांच्या छोट्या वह्या करत असे. शिवणीचे टाके अजून जागच्या जागी आहेत, थोडे वाकडे.

याच माणसाने १७३१मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट बंदरात ८० पौंड देऊन व्हीनस नावाची सुमारे चौदा वर्षांची मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली. त्याच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत टायटस नावाचा मुलगाही आहे. एडवर्ड्स घराण्याचे सोळाव्या शतकापासूनचे बाप मोजता येतात, पण व्हीनसचा बाप कोण, तिला आईने काय नाव ठेवले होते, हे त्या खरेदीखतातून मिळत नाही. तिला आडनावच नव्हते. रोमन देवतेचे नाव तिला मालकांच्या जगाने दिले.

तिसऱ्या दिवशी उत्तरेला, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टनला गेलो. वाटेत एनफील्ड लागते. तिथे ८ जुलै १७४१ रोजी एडवर्ड्सने क्रुद्ध ईश्वराच्या हातातल्या पाप्यांवरचे ते गाजलेले प्रवचन दिले. रस्त्याकडेला एक खुणेचा दगड आहे. दोन मिनिटे थांबून पुढे निघालो.

नॉर्दॅम्प्टन हे आजोळ. जोनाथनच्या आईचे वडील सॉलोमन स्टॉडर्ड इथे जवळजवळ साठ वर्षे पाद्री होते आणि या खोऱ्यात त्यांचा शब्द इतका चालत असे, की विरोधक त्यांना पोप म्हणून टोमणा मारत. स्टॉडर्ड आडनावाबद्दल एक रुबाबदार दंतकथा आहे : विजेता विल्यम इंग्लंडवर चालून गेला, तेव्हा त्याच्या एका सरदाराचे निशाण, म्हणजे ‘स्टँडर्ड’, धरणारा तो पहिला स्टॉडर्ड. व्युत्पत्ती पाहिली तर शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘स्टोड’ आणि ‘हिर्ड’ यांपासून आला आहे. घोड्यांचा कळप आणि त्यांचा राखणदार. निशाणबरदार नव्हे, घोडे राखणारा. मला हा अर्थ अधिक आवडतो. ज्याला घोडे राखता येतात, त्याच्याकडे निदान एक कसब असते.

सॉलोमनचे वडील अँथनी बॉस्टनमधले कापडाचे व्यापारी आणि आई मेरी डाउनिंग. तिचा सावत्र भाऊ जॉर्ज डाउनिंग हार्वर्डच्या १६४२च्या पहिल्यावहिल्या तुकडीत पदवीधर झाला, इंग्लंडला जाऊन आधी राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेलचा आणि मग राजाचा झाला, जुन्या सहकाऱ्यांना हॉलंडमध्ये पकडून देऊन त्याने कृपा संपादली आणि लंडनमध्ये एक रस्ता बांधला. तोच डाउनिंग स्ट्रीट. ब्रिटनच्या पंतप्रधानांचा पत्ता आणि न्यू इंग्लंडचा हा कठोर उपदेशक यांच्यात एका पणजीचे अंतर आहे. पणजीचे आडनाव लग्नात पुसले गेले म्हणून ते चटकन दिसत नाही. जोनाथनच्या दहा बहिणींचेही तेच झाले. टिमथीच्या घरात साठ फूट मुली आहेत, असा विनोद त्या काळी होता, कारण सगळ्या उंच होत्या. अकरा भावंडांत आडनाव पुढे गेले ते एकट्या जोनाथनचे.

ब्रिज स्ट्रीटवरच्या स्मशानभूमीत शिरलो, तेव्हा दुपार कलली होती. स्टॉडर्ड फेब्रुवारी १७२९मध्ये वारले. जुन्या कागदांत ते साल १७२८/९ असे दुहेरी लिहितात, कारण १७५२पर्यंत इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. हे ध्यानात घेतले नाही, तर वंशावळीत मुलगा बापाच्या आधी जन्मल्याचे चमत्कार घडतात. जोनाथन स्वतः इथे नाही. १७५०मध्ये याच गावाने त्याला पाद्रीपदावरून काढले. तो स्टॉकब्रिजला मोहिकन लोकांमध्ये गेला आणि १७५८मध्ये प्रिन्स्टनला देवीची लस टोचून घेतल्यानंतर वारला.

मी शोधत होतो ते दोन दगड शेजारी शेजारी सापडले. एक डेव्हिड ब्रेनर्डचा. मूळ रहिवाशांमध्ये धर्मप्रचार करणारा हा तरुण क्षयाने खंगून ऑक्टोबर १७४७मध्ये एडवर्ड्सच्या घरी वारला, वय एकोणतीस. दुसरा त्याची शुश्रूषा करणाऱ्या जेरुशाचा, जोनाथनच्या मुलीचा. ती चार महिन्यांनी गेली, वय सतरा. ब्रेनर्डची रोजनिशी एडवर्ड्सने संपादित करून १७४९मध्ये छापली आणि ती वाचत वाढलेल्या पिढ्यांतूनच पुढचे मिशनरी निघाले. गॉर्डन हॉल १८२६मध्ये नाशिकहून परतताना वाटेत कॉलऱ्याने गेला.

जेरुशाच्या दगडावर शेवाळ आले आहे. बोट फिरवून अक्षरे लावावी लागतात. तिचे लग्न झालेले नव्हते, त्यामुळे आडनाव शेवटपर्यंत एडवर्ड्सच राहिले.