जॉब कमी भरला होता

आमच्या आयटीआयच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि मला आधी वर्कशॉपची खिडकी आठवली. तिथे उजेडात जॉब, म्हणजे आम्ही घडवलेला लोखंडाचा तुकडा, धरून सर उभे असायचे. फिटर, म्हणजे जोडारी व्यवसायाचे आमचे निदेशक. 1991 ते 93 च्या तुकडीला नाव सांगायची गरज नाही.

पहिल्या वर्षी मेल-फीमेलचा, म्हणजे एकमेकांत नेमके बसणाऱ्या दोन तुकड्यांचा, जॉब होता. 48 मिलिमीटरची बाजू घासता घासता माझी 47.80 झाली. मापात फरकाची सवलत फक्त 0.04 ची. मी कडेला हातोडीने हलके ठोके मारले, लोखंड फुगवलं, वरून स्मूथ फाईल, म्हणजे बारीक कानस, फिरवली आणि जॉब सरांपुढे ठेवला. त्यांनी माप घ्यायला व्हर्नियर लावलाच नाही. काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरला. फुगलेल्या कडेशेजारून उजेडाची बारीक रेघ दिसत होती.

मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी लाज निघणार. सरांनी माझी डायरी मागवली. म्हणाले, "लिही. कुठे, किती कमी झाला आणि का." मी लिहिलं: घाई केली, मधे माप घेतलं नाही. त्याखाली त्यांनी सही केली आणि नवी पट्टी दिली. "लोखंड सरकारचं आहे, पुन्हा मिळेल. खोटं माप पुढे गेलं की दुसऱ्याच्या बोटावर बेततं."

बाकीची शिस्त आपण सगळ्यांनीच भोगली आहे. फाईलवर फाईल ठेवायची नाही, कीस तोंडाने फुंकायचा नाही, सुट्टीआधी पंधरा मिनिटं बेंच झाडायचं, व्हाइसचा दांडा खाली लोंबता ठेवायचा. तेव्हा राग यायचा. आज कारखान्यातल्या माझ्या टूलरूममध्ये मी नेमकं तेच बघतो.

पुढे भोसरीत शिकाऊ उमेदवारी करत होतो. रात्रपाळीला जिगच्या, म्हणजे काम नेमक्या जागी धरणाऱ्या साच्याच्या, प्लेटमध्ये डॉवेल पिनचं भोक माझ्या हातून मोठं झालं. कुणी पाहिलं नव्हतं. प्लेट सकाळी असेंब्लीला जाणार होती. डायरी आठवली आणि मी स्वतः फोरमनकडे गेलो. ते बोलले बरंच, पण भोक आणखी वाढवून त्यात बुश, म्हणजे धातूची नळी, बसवला आणि प्लेट वाचली. पुढच्या महिन्यात टूल क्रिबची, म्हणजे अवजारांच्या खोलीची, किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली.

आता मी चाकणला आहे, नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' हा विषय ती शिकून येतात, स्वतःची ओळख इंग्रजीत छान करून देतात. मी विचारतो, "शेवटचा बिघडलेला जॉब कोणता?" पुष्कळ जण म्हणतात, "एकही नाही, सर." तिथे माझं मन खट्टू होतं. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, ऑफसेट (टूलच्या जागेचा आकडा) टाकताना दशांशचिन्ह चुकलं तर टूल थेट जॉब धरणाऱ्या चकवर आपटू शकतं. मशीन सुरू करायचं 'सायकल स्टार्ट' बटण दाबण्याआधी "थांबा, माझं चुकलंय" म्हणणारा मुलगा मला हवा असतो. त्याला मशीन मी शिकवीन. हे म्हणता यायला तासन्‌तास बेंचपाशी उभं राहावं लागतं, आणि आता तो वेळच मुलांना कमी मिळतो असं मला वाटतं.

पत्र आल्यावर सरांना फोन केला. आवाज थकलाय. माझा हुद्दा ऐकून घेतला आणि विचारलं, "फाईल अजून हातात धरतोस ना?"

"धरतो, सर. रोज सकाळी."

"आणि डायरी?"

ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यांच्या सहीचं पान वाचून दाखवलं.