टस्टिनचा लाकडी हँगर आणि न झालेलं पार्क

काल डिस्ट्रिक्ट नावाच्या इथल्या शॉपिंग सेंटरला सामान आणायला गेले होते, पार्किंगमध्ये गाडी लावली आणि सवयीने मान तिकडं वळली. एक हँगर दिसतो, म्हणजे विमानं ठेवतात तसली अजस्र शेड. आधी दोन दिसायचे. इतके दिवस होऊन गेले तरी माझी नजर अजून दुसरा शोधते, आणि दर वेळी आत कुठंतरी कसंसंच होतं. म्हणून आज बसून लिहिते आहे, खूप दिवस मनात होतं.

ज्यांनी हे हँगर बघितले नाहीत त्यांना सांगते. दक्षिण कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीत, टस्टिन नावाचं आमचं गाव आहे, अर्व्हाइनला चिकटून. इथं दुसऱ्या महायुद्धात नेव्हीने ब्लिम्पसाठी बेस बांधला, म्हणजे हीलियम भरलेले ते लांबुळके फुगे, ज्यांच्या पोटाखाली माणसं बसून समुद्रावर पहारा द्यायची. पाणबुड्या शोधायला. आज वाटतं एवढी काय भीती, पण फेब्रुवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीने सँटा बार्बराजवळ एलवूडला किनाऱ्यावर खरंच तोफा डागल्या होत्या, म्हणजे भीती अगदी दारात आलेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेस सुरू झाला आणि 1943 पर्यंत दोन हँगर उभे राहिले. प्रत्येक 17 मजल्यांएवढा उंच, 1000 फुटांपेक्षा लांब, जवळजवळ 300 फूट रुंद. आणि सगळा लाकडाचा! पोलाद लढाईला लागत होतं, म्हणून ओरेगॉनचं डग्लस फर आणून त्याच्या कमानी जोडल्या, मधे एकही खांब नाही.

बाबा 2016 ला आले होते तेव्हा त्यांना पहिल्याच रविवारी हे दाखवायला नेलं. बाबा ओझरला मिगच्या कारखान्यात 31 वर्षं होते, फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले, त्यामुळं हँगर त्यांना नवीन नाही, पण हा बघून ते कुंपणाशी बराच वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "डेक्कन क्वीनचे तेरा डबे राहतील बघ आत, एकामागे एक." मी घरी येऊन हिशोब केला, बरोबर निघाला. नंतर म्हणाले, "लाकडाचा जोड इतकी वर्षं टिकला म्हणजे ज्याने केला त्याचा हात काय असेल." आत जायची सोय नव्हती. कुंपणाला बोटं अडकवून आम्ही अर्धा तास बघत बसलो, एक घारीसारखा पक्षी छपराच्या कडेवर येऊन बसत होता आणि उडत होता, आणि बाबा मला कराचीच्या हँगरबद्दल सांगत होते.

तो किस्सा मला माहितच नव्हता. ब्रिटिशांनी इंग्लंडहून हिंदुस्थानपर्यंत हवाई जहाज सुरू करायचं ठरवलं होतं, म्हणजे विमान नव्हे, वायू भरलेलं प्रचंड लांबुळकं जहाज, आर-101 नावाचं, आणि ते उतरल्यावर ठेवायला कराचीत अजस्र हँगर बांधून ठेवला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. पण ते जहाज पहिल्याच फेरीत ऑक्टोबर 1930 मध्ये फ्रान्समध्ये कोसळलं आणि हँगर रिकामाच राहिला, ज्याच्यासाठी बांधला ते कधी आलंच नाही. पुढं तो पाडला. बाबा म्हणाले, रिकामी इमारत म्हणजे दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी, कुणी जेवायला घालायला पाहिजे तिला. तेव्हा मी नुसतं हो हो केलं.

तर टस्टिनचा बेस. युद्धानंतर 1949 ला बंद झाला, कोरियाच्या युद्धात 1951 ला परत उघडला आणि मरीनच्या, म्हणजे अमेरिकेच्या सागरी फौजेच्या, हेलिकॉप्टरचा झाला. 1975 मध्ये दोन्ही हँगर राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आले. 1999 मध्ये बेस कायमचा बंद झाला. एकूण साधारण 1600 एकर जमीन, त्यातली बरीचशी हळूहळू शहराकडं आली आणि आता तिथं घरं आहेत, शाळा आहेत, आम्ही जिथं सामान घेतो ते डिस्ट्रिक्ट आहे, आमचं स्वतःचं घरही त्याच जमिनीवर आहे. आणि उत्तरेकडचा हँगर आणि त्याच्याभोवतीची सुमारे 85 एकर जागा काउंटीच्या रीजनल पार्कसाठी धरलेली होती. म्हणजे कागदावर होतं सगळं. घर घेताना मी तो नकाशा बघितला होता, त्यात हिरवा तुकडा आणि मधोमध हँगरचा लांबट आयत आणि मी नवऱ्याला म्हणलं होतं की मुलं इथं सायकल शिकतील. मुलगा आता ड्रायव्हिंग शिकतोय.

इतकी वर्षं का लागली हे नीट समजून घ्यायचा मी खूप प्रयत्न केला. एक तर लष्करी जमीन अशी सहज हातात येत नाही. विमानं-हेलिकॉप्टरचे पार्ट धुवायला जी सॉल्व्हंट वापरायचे ती दशकानुदशकं जमिनीत मुरली आणि खालच्या पाण्यात गेली. ट्रायक्लोरोइथिलीन हे नाव मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा लगेच म्हणाले, "ट्रायक्लोरो! ग्रीस काढायला त्याच्यासारखं काही नव्हतं, जगभर तेच वापरायचे, तेव्हा कुणाला माहीत." ते साफ केल्याशिवाय, निदान साफ करायची सोय लावल्याशिवाय जमीन दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि त्याला वर्षंच्या वर्षं जातात. दुसरं म्हणजे एवढा मोठा लाकडी सांगाडा, त्याचं छप्पर, भूकंपाचा प्रदेश, दुरुस्तीचा खर्च, हे सगळं अंगावर कोण घेणार. मला दोन्ही कारणं पटतात. पण पटतात म्हणून लाकूड थांबत नाही ना. ऑक्टोबर 2013 मध्ये उत्तरेकडच्या हँगरच्या छपराचा एक मोठा भाग खाली आला. तेव्हा आधार देऊन ठेवला. जागा अजून नेव्हीकडंच होती, पार्क अजून नकाशातच.

आणि मग 7 नोव्हेंबर 2023. मध्यरात्री एकच्या सुमाराला आग लागली. मला जाग आली ती हेलिकॉप्टरच्या आवाजाने, खिडकीतून बघितलं तर सगळं आभाळ नारिंगी, मला वाटलं डोंगराला वणवा लागलाय, इथं ते नेहमीचं आहे. मग नवरा म्हणाला, नाही गं, हँगर. आम्ही दोघं गॅरेजच्या दारात उभं राहिलो आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. एवढी उंच आणि एवढी जुनी वाळलेली लाकडं, आत जाऊन विझवायला कुणाला पाठवणार, छप्पर कोसळत होतं. अग्निशमनवाल्यांनी वरून पाणी टाकून बघितलं आणि मग जळू द्यायचं ठरवलं. ते योग्यच होतं, एकाही माणसाचा जीव गेला नाही. पण ती आग 24 दिवस जळत होती. चोवीस दिवस!

तो दिवाळीचा आठवडा होता. 9 तारखेला वसुबारस, 12 ला लक्ष्मीपूजन. राखेत ॲस्बेस्टॉस सापडलं, श्वासातून आत गेलं तर घातक, शाळा बंद, पार्क बंद, बाहेर पडलेले काळे तुकडे हात लावू नका असे मेसेज. आमच्या अंगणात वहीच्या पानाएवढा एक तुकडा येऊन पडला होता, जळका, कडा पांढऱ्या, आणि मी तो खिडकीतून बघत होते. हात लावायचा नाही. मला एवढंच दिसत होतं की हा त्या छपराचा आहे ज्याच्याकडं बाबा बघत उभे होते. त्या वर्षी दारात रांगोळी काढली नाही, आकाशकंदील आत हॉलमध्ये लावला, खिडक्या सगळ्या बंद करून चकल्या तळल्या आणि घरभर धूर झाला तर मुलगी रडायला लागली की हा पण हँगरचा धूर आहे का. इथल्या मराठी लोकांचं फराळाचं एकत्र जमणं पुढं ढकललं. पांढरे सूट घातलेली माणसं कितीतरी दिवस गल्लीगल्लीतून तुकडे वेचत फिरत होती. आणि तिकडं सगळं जळून गेल्यावर दोन्ही टोकांचे दरवाजे तेवढे उभे होते, मधे काही नाही, नुसती दारं.

बाबांना मी लगेच सांगितलंच नाही. भाऊबीजेला फोनवर त्यांनीच विचारलं, कारण त्यांनी कुठंतरी व्हिडिओ बघितला होता. ते एकच वाक्य म्हणाले, "अगं, त्यात काहीतरी चालू ठेवायला पाहिजे होतं."

मला हे वाक्य सोडत नाही, कारण पाच-सात मैलांवरच त्याचं दुसरं टोक आहे. एल टोरो. तो पण मरीनचाच बेस, विमानांचा, तो पण 1943 चा, तो पण 1999 लाच बंद झाला. त्याच्याआधी तिथं डबल बीची शेतं होती, हो आपली उसळ करतो ती डबल बी. बेस बंद झाल्यावर तिथं मोठं विमानतळ करायचं चाललं होतं, 1994 ला लोकांनी अगदी थोड्या मतांनी विमानतळाच्या बाजूने कौल दिला होता, पण मग आसपासच्या गावांनी इतकी वर्षं झगडून 2002 च्या मतदानात तो फिरवला आणि जागा पार्कसाठी धरली. 2005 मध्ये नेव्हीने जमीन लिलावात विकली, जवळजवळ 65 कोटी डॉलरला, आणि ज्याने घेतली त्या बिल्डरला घरं बांधायची परवानगी, त्या बदल्यात 1300 एकरांच्या वर जागा अर्व्हाइन शहराला पार्कसाठी. ग्रेट पार्क. ते काही एका रात्रीत झालं नाही, खूप वर्षं तिथं नुसती माती आणि मोठमोठी आश्वासनं होती, लोक चिडलेले होते, घरं भराभर आली आणि झाडं मागून. घरं विकून पार्क बांधायचं म्हणलं की पार्क नेहमी घरांच्या मागं राहतं असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

पण एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली. 2007 मध्ये, बाकी काहीच नसताना, त्यांनी एक नारिंगी फुगा लावला. हीलियमचा, दोराने बांधलेला, माणसांना घेऊन 400 फूट वर जातो. खाली सगळा ओसाड बेस, फुटके रनवे, आणि वर फुगा. मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा आम्ही त्यात बसलो होतो आणि वरून खाली बघताना पहिल्यांदा मला कळलं की ही जमीन केवढी आहे. लोक यायला लागले. पार्क तयार नव्हतं पण लोक येत होते, आणि लोक येतात म्हणल्यावर जागा विसरली जात नाही. मग हळूहळू मैदानं झाली, बर्फाचं स्केटिंग झालं, दर शनिवारी आम्ही तिथं सॉकरला जातो.

आणि तिथं हँगर 244 आहे. टस्टिनच्या मानाने चिमुकला, पण युद्धातलाच. तो पाडला नाही, डागडुजी केली आणि बेसच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडलं, एक जुनं ट्रेनर विमान ठेवलं. मुलीची मॅच चालू असताना मी बाबांना तिथं बसवून जायचे. दोन तासांनी यावं तर बाबा तिथल्या एका निवृत्त मरीन आजोबांबरोबर विमानाच्या पोटाखाली वाकून काहीतरी बघतायत, बाबांचं इंग्रजी तोडकं, त्या आजोबांना मराठी शून्य, पण रिव्हेटला हात लावून दोघांचं छान चाललेलं. त्या हँगरचं दार उघडं असतं, आतली जमीन घासलेली असते, दिव्यांचं बिल कुणीतरी भरत असतं. सॅन डिएगोच्या मिरामारचं मरीन विमानांचं म्युझियमही आता ग्रेट पार्कमध्ये यायचं आहे. ते उघडलं की बाबांचं तिकीट काढणार हे मी आधीच ठरवून ठेवलंय.

टस्टिनच्या हँगरची भावंडं देशभर होती, नेव्हीने असे एकूण 17 लाकडी हँगर बांधले होते. ओरेगॉनमध्ये टिलामूकला असेच दोन जुळे होते. एकात गवताच्या गंज्या साठवल्या होत्या, तो 1992 ला जळून गेला. दुसऱ्यात विमानांचं म्युझियम झालं, तो आहे. हे मी आग लागल्यावर वाचलं आणि रात्री झोप लागली नाही.

टस्टिनला आता दक्षिणेकडचा हँगर उरलाय. शहराच्या सभेत कुणीही जाऊन तीन मिनिटं बोलू शकतं, मी गेले होते, हातात कागद थरथरत होता. मी एवढंच म्हणाले की मोठा आराखडा व्हायचा तेव्हा होऊ दे, त्याआधी त्या कुंपणाच्या आत लोकांना येऊ द्या, महिन्यातून एक रविवार का होईना. सुरक्षित नसेल तर दारापाशी थांबवा, वीस माणसांनाच सोडा, हेल्मेट घाला. पहारा ठेवा, पाण्याच्या लाइन चालू ठेवा. आणि उत्तरेकडच्या रिकाम्या जागेवर पार्क होईल तेव्हा हँगरचा जो लांबट आयत नकाशात होता तो जमिनीवर आखा, 1000 फूट लांब, त्याच्यावर एकही इमारत नको, म्हणजे मुलांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळून बघता येईल की ते केवढं होतं. माझ्यामागं एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ बोलायला उठले, त्यांनी तिथं हेलिकॉप्टर दुरुस्त केली होती. त्यांनाही आत एकदा जायचं आहे.

बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, "दुसरा आहे ना?" काल पार्किंगमधून फोटो काढून पाठवला. लगेच रिप्लाय आला, दार उघडं असेल तेव्हाचा पाठव.