कुंपणावरची साळुंकी

मेलबर्नला येऊन सहा वर्षं झाली, तरी साताऱ्याहून फोन आला की आईचा प्रश्न ठरलेला: "कांगारू दिसला का गं?" दिसतो की. बहुतेक वेळा पहाटे हायवेच्या कडेला, गाडीची धडक बसून आडवा पडलेला. धडधाकट कांगारूंचा कळप बघायचा तर अँगलसीच्या गोल्फ मैदानावर जायचं. तिथे ते खेळणाऱ्यांकडे ढुंकूनही न बघता चरत असतात. कोआला म्हणजे झाडाच्या बेचक्यात अडकलेलं राखाडी गाठोडं. झोपलेलं. पाच मिनिटांत बघून होतं.

मला लिहायचंय ते साळुंकीबद्दल.

इथे आले त्या पहिल्या आठवड्यात सगळंच परकं होतं. झाडांची सालं सुटून खाली लोंबत होती, कावळ्यांचे डोळे पांढरे होते आणि ते कावकाव करायच्या ऐवजी पोटात दुखल्यासारखे कण्हत होते. अशात सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दोन साळुंक्या दिसल्या. तपकिरी अंग, पिवळी चोच, डोळ्यामागे तीच पिवळी कातडी, आणि मामलेदार कचेरीत निघाल्यासारखी ती चाल. मी ट्रॉली सोडून उभीच राहिले. आमच्या साताऱ्याच्या घरी कौलाखाली दरवर्षी साळुंकीचं घरटं असायचं, त्यामुळे माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

हा आनंद शेजारच्या आजोबांना सांगितला, तर त्यांचा चेहरा कडू झाला. इथे साळुंकीला 'उडता उंदीर' म्हणतात. आजोबांच्या परसात तिला पकडायचा पिंजरासुद्धा आहे.

ती इथे आपणहून आलेली नाही, ही त्यातली गंमत. १८६०च्या दशकात मेलबर्नच्या भाजीच्या मळ्यांतले किडे खाईल म्हणून तिला मुद्दाम आणून सोडलं. पुढे क्वीन्सलंडच्या उसाच्या शेतांतही तोच प्रयोग झाला. तिनं किडे खाल्लेच, पण शेतापेक्षा तिला शहर आवडलं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञगटानं २००० साली जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या जीवांची यादी केली, त्यात पक्षी तीनच. एक युरोपातला स्टार्लिंग. दुसरी आपली साळुंकी. तिसरा लालबुड्या बुलबुल, तोही आपलाच, तगरीच्या झुडपात घरटं करणारा. तिघांपैकी दोघे आपल्या अंगणातले निघाले हे वाचून मला आधी हसू आलं, मग उगाच ओशाळल्यासारखं झालं.

मराठी मित्रमंडळात यावर थट्टा ठरलेली असते: "म्हणजे आपल्यासारखीच, भारतातून आलेली आणि इथे घर बळकावणारी!" पहिल्यांदा मीही हसले. आता नाही हसत, कारण साळुंकी घर कसं बळकावते ते मी जवळून पाहिलंय.

त्याआधी बागेतले बाकीचे. पहाटेचा गजर कुकाबुराचा. आपल्याकडे हे नाव क्रिकेटच्या चेंडूमुळे माहीत. पक्षी म्हणजे आपल्या खंड्याचाच थोराड भाऊबंद, फक्त माशांपेक्षा सरडे आणि छोटे साप पसंत करणारा. बार्बेक्यूवरचं सॉसेजही उचलतो. बॉटलब्रशला फुलं आली की सप्तरंगी लोरीकीट पोपटांचा इतका कलकलाट होतो की फोनवर बोलता येत नाही. रात्री छपरावर पॉसम धावतो, म्हणजे मांजराएवढा, झाडावर राहणारा प्राणी. त्याला कायद्याचं संरक्षण आहे. पकडलाच तर पकडल्या जागेपासून ५० मीटरच्या आतच सोडावा लागतो, म्हणजे रात्री तो परत तुमच्याच छपरावर. आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर मॅगपायची दहशत. आपला दयाळ तो 'मॅगपाय रॉबिन', त्यामुळे मी गोड समजुतीत होते. दोघांचं काही नातं नाही. हा कावळ्याएवढा काळापांढरा पक्षी गातो अप्रतिम, पण घरट्यात पिल्लं असली की त्यांच्यातले काही नर मागून येऊन डोक्यावर झडप घालतात. सायकलवाले हेल्मेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्या उभ्या खोचून साळिंदर होऊन फिरतात. माझा नवरा हसायचा त्यांना. कान रक्ताळून घरी आला त्या दिवसापासून त्याच्याही हेल्मेटला काटे आहेत.

तर ते घर बळकावणं. निलगिरीच्या जुन्या झाडात ढोली तयार व्हायला शंभरावर वर्षं लागतात. इथल्या बहुतेक पोपटांना अंडी घालायला ढोलीच लागते, आणि नव्या वस्त्यांत शंभर वर्षांचं झाड उरतंय कुठे? म्हणून मी गेल्या वर्षी जुलैमध्ये एक लाकडी खोका झाडाला टांगला. ऑगस्टमध्ये रोझेला पोपटांची जोडी आली. लाल डोकं, पांढरे गाल, पिवळं पोट. मादी आत डोकावायची, बाहेर यायची, पुन्हा डोकावायची. घर भाड्यानं घेताना मी घेतले नसतील इतके आढेवेढे. आठवडाभर मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हलले नाही. चहा उतू गेला, पोळ्या करपल्या.

मग साळुंक्या आल्या. एक नराच्या अंगावर धावायची, दुसरी खोक्यात शिरायची. दोन दिवसांत रोझेला दिसेनासे झाले. खोका उघडला तर आत वाळकी पानं, चॉकलेटचे कागद, प्लॅस्टिकची दोरी, आणि त्यात चार निळी अंडी. अगदी आमच्या कौलाखाली असायची तशी. मी शिडीवर बराच वेळ उभी होते. मग सगळं एका पिशवीत भरलं आणि आजोबांकडे गेले. ते काही बोलले नाहीत, पिशवी घेतली फक्त. नंतर त्यांनीच खोक्याच्या भोकासमोर एक आडवी फळी ठोकून दिली. पोपट फळीमागून चढून आत जातो, साळुंकीला थेट उडून शिरायला आवडतं म्हणून ती सहसा टाळते.

त्यांच्या पिंजऱ्यात कधी कधी 'नॉइझी मायनर' सापडतो. नाव सारखं (साळुंकी इंग्रजीत 'मायना'), चोच पिवळी, पण हा अस्सल इथलाच, म्हणून सोडून द्यावा लागतो. खरं तर दादागिरीत तो साळुंकीला मागे टाकेल. छोट्या पक्ष्यांना तो रानातून पार हुसकावून लावतो. पण त्याची भांडणं घरातली.

इथले माझे सर्वांत आवडते पक्षी मात्र बागेत येत नाहीत. शहराच्या नैर्ऋत्येला वेरिबीजवळ मैलापाण्याचं केंद्र आहे, १८९७ पासूनचं. मेलबर्नचं निम्मं सांडपाणी तिथे जातं. पाहुण्यांना तिथे नेते म्हटलं की ते नाक मुरडतात. मुंबईकर मात्र मुरडत नाहीत, कारण भांडुप पंपिंग स्टेशनला दुर्बीण घेऊन जायची त्यांना सवय असते. आगाऊ परवाना काढायचा, किल्ली घ्यायची, फाटकं आपणच उघडायची आणि लावायची. तळ्यांच्या काठच्या चिखलात इवलेसे रेड-नेक्ड स्टिंट हजारांनी पळत असतात. एकेकाचं वजन सुमारे ३० ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांइतकं, आणि येतात सैबेरियातून. त्यांच्यात वाकड्या चोचीचा कर्ल्यू सँडपायपर शोधायचा. त्याचे भाऊबंद त्याच सैबेरियातून निघून हिवाळ्याला आपल्याकडे शिवडीच्या चिखलातही उतरतात. वाटेत कुठे एकाला डावीकडे वळावंसं वाटतं आणि दुसऱ्याला सरळ जावंसं वाटतं, याचा विचार करत मी तिथे तासन्तास बसते. नवरा गाडीत झोपतो.

गेल्या वर्षी खोका रिकामा केला त्याच पंधरवड्यात बाबांची तिथी आली. वडे, खीर, भात, सगळं केलं. पान वाढून मागच्या कुंपणावर ठेवलं आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. पांढऱ्या डोळ्यांचा कावळा समोरच्या कचऱ्याच्या डब्यावर बसून कुणाचे तरी चिप्स खात होता. त्यानं पानाकडे बघितलंसुद्धा नाही. अर्धा तास गेला. आई म्हणाली, "त्यांची काही इच्छा राहिली असेल का गं?" तेवढ्यात दोन साळुंक्या उतरल्या. एकीनं भात टोचला, दुसरीनं अख्खा वडा उचलून गवतात नेला.

मी हाकलायला उठले, तर आई फोनमधून ओरडली, "खाऊ दे, खाऊ दे! ती तरी ओळखीची आहे. कौलाखालचं घरटं बाबांनी कधी काढू दिलं होतं का?"

खोक्यातल्या त्या चार अंड्यांबद्दल मी आईला अजून सांगितलेलं नाही.