तुम्ही विचारलेत म्हणून: त्यांनाच सूट का?

टोरांटोहून किंग्स्टनला जाताना बेलव्हिल मागे पडले की थोड्याच वेळात टायेंडिनागा हा मोहॉक या मूलनिवासी लोकांचा प्रदेश लागतो आणि तेथील रस्त्यांच्या कडेला गांजाची दुकाने एकामागून एक दिसू लागतात. गाडीत पाहुणे असले की प्रश्न ठरलेला असतो: या दुकानांकडे ऑन्टारियो प्रांताचा परवाना नाही, शहरात कोणी असे दुकान थाटले तर पोलीस टाळे ठोकतात, मग यांनाच सूट का?

‘सूट’ हा शब्दच मला मान्य नाही. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडात गांजा कायदेशीर झाला, तेव्हा किरकोळ विक्रीची व्यवस्था प्रांतांकडे गेली आणि अबकारी कराची ७५ टक्के व २५ टक्के अशी वाटणी प्रांत आणि केंद्र यांच्यात झाली. मूलनिवासींच्या शासनांसाठी त्यात वाटाच नव्हता. मूलनिवासींशी आधी नीट बोला आणि त्यासाठी कायदा वर्षभरापर्यंत लांबवा, अशी शिफारस सिनेटच्या समितीने त्याच वर्षी मे महिन्यात केली होती. सरकारने ती मानली नाही. ज्यांना नियम करताना बसवून घेतले नाही, त्यांनी ते नियम आपल्या भूमीवर लागू होतात का असे विचारले, तर त्यात नवल वाटू नये. टायेंडिनागाची भूमी १७९३ च्या सनदेने मोहॉकांना मिळाली, तेव्हा ती सुमारे ९२,७०० एकर होती. आज त्यातील जेमतेम १८,००० एकर त्यांच्याकडे उरली आहे.

दुकानदारांचा कायदेशीर दावा पक्का आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. १९८२ च्या राज्यघटनेचे कलम ३५ मूलनिवासींचे विद्यमान हक्क मान्य करते. पण आपल्या भूमीवरील मोठ्या जुगाराचे नियमन हा असा हक्क असल्याचा मूलनिवासींचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये फेटाळला होता. पोलीस तरीही जपून पावले टाकतात, याचे एक मोठे कारण माझ्या मते ऑन्टारियोतील इपरवॉश येथील घटना आहे. तेथे सप्टेंबर १९९५ मध्ये जमिनीच्या हक्कासाठी उद्यानात ठाण मांडलेल्या निःशस्त्र मूलनिवासी आंदोलक डडली जॉर्ज यांना प्रांतिक पोलिसांच्या गोळीने मरण आले.

आणि कायदा यांच्याबाबत नेहमीच सौम्य होता, असेही नाही. बंदीच्या अखेरच्या वर्षांत रेजायना शहरात केवळ गांजा बाळगल्याबद्दल मूलनिवासींना अटक होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास नऊपट होते. त्या वेळी ‘त्यांनाच अटक का?’ असे मला कोणी विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आजच्या अनिश्चिततेची झळ सर्वांनाच बसते. परवाना घेऊन, कर भरून दुकान चालवणारा शेजारच्या गावातील दुकानदार नाडला जातो. छापा पडलाच तर गल्ल्यावर बसलेल्या पोरांवर खटला भरला जाऊ शकतो. आणि मालाची तपासणी झाली आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. ऑन्टारियोतीलच सिक्स नेशन्स या मूलनिवासी समुदायाने यासाठी स्वतःचा कायदा केला आणि आयोगही नेमला. ब्रिटिश कोलंबियात विल्यम्स लेक फर्स्ट नेशन या मूलनिवासी समुदायाने २०२२ मध्ये प्रांताशी थेट करार केला. ऑन्टारियोनेही मूलनिवासींचे कायदे मान्य करून असे करार करावेत, असे पत्र मी आमच्या भागाच्या प्रांतिक आमदारांना लिहिले आहे.