आज मैत्रिणीने केस धुऊन दिले

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी आल्यापासून वॉकर, बर्फाची पिशवी आणि मैत्रिणी, एवढंच माझं जग आहे. सकाळी इथल्या, नागपूरच्या महाल भागातली मैत्रीण गोळाभात आणि चिंचेचं सार घेऊन आली. हिंग-मोहरीची फोडणी मात्र तिने इथे, माझ्या ओट्यावर कडकडीत करून वरून घातली. निवलेली फोडणी तिला चालतच नाही.

दुपारी दुसरी आली. टाक्यांवर पाणी जाऊ नये म्हणून पायाला प्लॅस्टिक गुंडाळलं, खुर्चीत बसवून माझी मान बेसिनवर टेकवली आणि शिकेकाईने केस धुतले, अगदी कानामागेसुद्धा बोटं फिरवत. मी म्हटलं, "राहू दे गं, इतकं कशाला?" तर म्हणाली, "गुपचूप बस. माझ्या बाळंतपणात तू काय केलं, ते मी विसरली नाही." मला खरंच काही आठवत नव्हतं. रडू आलं.

आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे भरले, त्यामुळे स्वतःसाठी डबा घेताना जड जातं. फार जड जातं.

पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घोटा सारखा वर-खाली हलवायचा असतो. दुपारच्या मैत्रिणीने समोर बसून माझ्याकडून तेही करून घेतलं.

उद्या सदर भागातल्या मैत्रिणीची यायची पाळी. तिला आज मी आपणहून फोन केला. म्हटलं, येताना सीताबर्डीवरून माझी औषधं आण, आणि जायची घाई करू नको, जेवूनच जा.